शिष्यवृत्ती निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र कसे भरावे

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे मिळालेला निधी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला. केंद्राच्या अनुदानाचा हा हिशेब महाविद्यालयाने केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नमुना १२-ए मध्ये द्यायचा असतो, तोही आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत. नमुना छोटाच आहे. वेळ खाते ती त्याआधीची जुळवणी.

१. आधी अनुदानाचा मंजुरी आदेश हाती घ्या, विद्यार्थ्यांची यादी नंतर. प्रमाणपत्र शैक्षणिक नव्हे, आर्थिक वर्षाचे असते. शैक्षणिक वर्ष २०२३-२४ ची रक्कम मे २०२४ मध्ये जमा झाली, तर ती २०२४-२५ च्या प्रमाणपत्रात जाते. सर्वाधिक प्रमाणपत्रे इथेच चुकतात.

२. आपल्या खात्यातून न गेलेले पैसे वगळा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जातो. तो आपला खर्च नव्हे. त्यातून विद्यार्थ्याने भरलेली फी ही फीची जमा, अनुदानाची नव्हे.

३. रोकड वही आणि बँक विवरणपत्र ओळ न ओळ ताडून पाहा. समजा, मागील शिल्लक ४०,०००, वर्षातील जमा ८,६०,००० आणि व्याज १२,०००. वाटप ८,४६,०००, पण खाते क्रमांक चुकल्याने प्रत्येकी ९,००० चे दोन एनईएफटी (बँकेतून ऑनलाइन पाठवलेली रक्कम) परत आले. रोकड वहीत वाटप झाले म्हणून ८,४६,००० खर्च दाखवण्याचा मोह होतो. खरा खर्च ८,२८,०००. अनुदानाची शिल्लक ७२,०००, व्याजासह बँकेत ८४,०००. हा आकडा ३१ मार्चच्या विवरणपत्राशी जुळलाच पाहिजे. न वटलेले धनादेश असतील, तर जुळवणीपत्रकात त्यांची यादी द्या.

४. व्याज खर्चात घालू नका. मिळालेले आणि शासनाला परत केलेले व्याज यांचे रकाने वेगळे आहेत. हिशेब अंतिम होताच ते भारताच्या संचित निधीत (केंद्र सरकारच्या मुख्य खात्यात) भरायचे असते. बचत खात्याचे किरकोळ व्याज म्हणून ते सोडून दिले, की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

५. प्रत्येक रकमेमागे पुरावा लावा: विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, रक्कम आणि यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक). प्रवेशावेळी फी भरून घेतलेल्या विद्यार्थ्याला ती परत दिली असेल, तर परताव्याची नोंदही इथेच हवी. नुसती सहीची यादी पुरत नाही.

६. शेवटी लेखा विभागप्रमुख आणि प्राचार्य, दोघांच्याही सह्या घ्या. वर्षअखेरीची शिल्लक पुढच्या प्रमाणपत्रात पहिल्या रकान्यात तशीच उतरते. एक रुपयाचाही फरक असला तरी कागद परत येतो.