डोरियन वाजवताना या चुका टाळा : पेटीवरून पियानोकडे आलेल्यांसाठी

खानापूरकडून बेळगावला शिकायला येणारा माझा एक विद्यार्थी गावच्या भजनात पेटी वाजवतो. पहिल्या दिवशी त्याला पियानोवर डी पासून वरच्या डी पर्यंत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवायला सांगितल्या. दोनदा वाजवून तो थांबला. "सर, हा काफीच की!"

बरोबर होतं. पांढरी दोनला, म्हणजे डी ला, सा धरला की ग आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. काफी थाटाचे सूर तेच आणि डोरियन या पाश्चात्त्य मोडचे, म्हणजे स्वरसप्तकाचेही तेच. पं. रामभाऊ बिजापुरे यांच्यासारख्यांची पेटी ज्या बेळगावानं ऐकली, तिथल्या पोरांच्या कानात हे सूर आधीच असतात. अडचण पुढे येते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सा हरवणं. "डोरियन म्हणजे सी मेजरच, फक्त डी पासून सुरू करायचा" असं सांगितलं जातं. पट्ट्यांपुरतं ते खरं आहे, पण हात नकळत सी वर येऊन थांबतो आणि तिथंच बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, होतो. माझा हा विद्यार्थी चार दिवस हेच करत होता. उपाय त्याच्याच ओळखीचा निघाला. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर अडकलेला असतो, इथं तो मोकळा आहे. त्या हातानं खालचा डी आणि ए, म्हणजे सा आणि प, दाबून धरा आणि तानपुऱ्यासारखे चालू ठेवा. उजव्या हातानं काहीही वाजवा, प्रत्येक ओळ डी वर आणून सोडा. कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, लावायच्या असतील तर डी मायनर आणि जी एवढ्या दोनच आलटून पालटून घ्या. जी सेव्हन वाजवून सी कॉर्डवर गेलात की कान सी ला घर मानतो, मग डी परत बसवायला वेळ लागतो.

दुसरी चूक धैवताची. मायनर म्हटलं की बोट सवयीनं बी फ्लॅटवर, म्हणजे कोमल ध वर, जातं आणि काफीचा आसावरी होतो. डोरियनचा सगळा रंग त्या शुद्ध ध मध्ये आहे, म्हणून तो चुकवू नका, उलट त्यावर थोडं रेंगाळा.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ सालची 'सो व्हॉट' ही रचना ऐका. बिल एव्हान्स पियानोवर दोन कॉर्ड वाजवतात, त्या आपल्या सरगमीत अशा बसतात : डाव्या हातात रे प सा, उजव्यात म ध. मग प्रत्येक बोट एकेक सूर खाली, सा म नी आणि ग प. मधल्या सी च्या खालच्या ई पासून सुरुवात करा. पहिल्या कॉर्डच्या टोकावर शुद्ध ध उभा असतो आणि दुसरीत तो प वर उतरतो. हे उतरणं दहा-वीस वेळा सावकाश वाजवलं की बी फ्लॅटची ओढ आपोआप जाते.

त्याच रचनेत तिसऱ्या चुकीचं, म्हणजे डोरियन फक्त डी वरच पाठ करण्याचं, औषधही आहे. १६ मात्रागट (चार-चार मात्रांचे बार) डी डोरियन, मग ८ ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ डी. डी च्या पांढऱ्या पट्ट्याच पाठ केलेला माणूस मधल्या आठांत अडकतो. कीबोर्डवाले अशा वेळी ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलणारं, बटण दाबतात. ते करू नका. भजनात कधी 'काळी चार', कधी 'काळी पाच' असा सा बदलून वाजवायची सवय असेल तर काळी दोनला, म्हणजे ई फ्लॅटला, सा धरणं जड जाणार नाही : पाचही काळ्या पट्ट्या आणि फक्त दोन पांढऱ्या, एफ आणि सी. उजव्या हाताचा अंगठा त्या दोन पांढऱ्यांवरच ठेवा, काळ्यांवर बाकीची बोटं. पेटीवरची तीन बोटांची सवय इथं सोडावी लागते, आणि तिला वेळ लागतो. घाई करू नका.

काफी रागात मधूनच घेतले जाणारे शुद्ध ग, शुद्ध नी ठुमरीत गोड लागतात. सुरुवातीला ते बाजूला ठेवा. वादी-संवादीही इथं शोधू नका, डोरियन हा राग नव्हे.

शेवटचं लयीचं. सारेग, रेगम असे पलटे सरळ वाजवले तर सूर बरोबर असूनही जॅझ वाटत नाही. समेवर सुरुवात करायची सवय मोडा. पायानं चार मात्रा मोजा आणि ओळ पहिल्या-दुसऱ्या मात्रेच्या मधून उचला, शेवटही मात्रेच्या मध्येच करा. त्या विद्यार्थ्याला मी महिनाभर एवढंच दिलं होतं : डाव्या हातात सा-प, उजव्यात फक्त ग, म, ध, आणि एकही सूर मात्रेवर नाही. गेल्या आठवड्यात त्यानं ते पांढरी दोनवरून काळी दोनवर नेलं, न थांबता.