घरचा पीसी विंडोज ११ पेलेल का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे जायचं तर आधी प्रोसेसर बघा. इंटेल असेल तर आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय५-८४०० चालतो, आय५-७४०० अधिकृतपणे नाही. म्हणून सांगली-मिरजेत जुना पीसी घेताना दुकानदार नुसतं ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणाला, तर पुढचा आकडा विचारा.

मग टीपीएम, म्हणजे पीसीतली सुरक्षेची सोय, तपासा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा. आवृत्ती २.० दिसायला हवी. ‘टीपीएम सापडत नाही’ असं आलं तरी लगेच मशीन भंगारात काढू नका. बरेचदा ते बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडेल.

खरी गोची लेगसी मोडची, म्हणजे पीसी सुरू करायच्या जुन्या पद्धतीची. विंडोज ११ ला यूईएफआय ही नवी पद्धत लागते. डिस्क एमबीआर (जुन्या विभागणीची) असताना बायोसमध्ये थेट यूईएफआय केलं, तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी बॅकअप, मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ (mbr2gpt) या साधनाने तीच डिस्क नव्या जीपीटी विभागणीत न्या, त्यानंतरच मोड बदला. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा, आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

रॅम ४ जीबी कागदोपत्री चालते, पण क्रोम उघडलं की रडारड. ८ जीबी आणि एसएसडी हवीच. अपग्रेडला तास-दीड तास सहज जातो. वळवाच्या दिवसांत यूपीएस नसेल तर संध्याकाळी सुरू करू नका.