ॲनोटेशन प्रोसेसरमधील दोष कसा शोधावा

ॲनोटेशन (कोडला जोडलेली, ‘@’ने सुरू होणारी खूण) लावलेल्या क्लासवरून नवा कोड तयार करणारा जावाचा प्रोसेसर बिघडला, की त्याच्या लॉजिकला हात लावण्यापूर्वी तो मुळात चालतो आहे का, हे तपासावे. ‘जावासी’ या जावाच्या कंपायलरला ‘एक्सप्रिंटप्रोसेसरइन्फो’ आणि ‘एक्सप्रिंटराउंड्स’ हे पर्याय दिल्यास कोणत्या प्रोसेसरकडे कोणती ॲनोटेशन्स गेली आणि प्रत्येक राउंडमध्ये, म्हणजे प्रोसेसिंगच्या फेरीत, कोणते क्लास आले, हे कंपायलर स्वतःच छापतो. प्रोसेसरचे नावच दिसत नसेल, तर प्रोसेसरच्या जारमधील (पॅक केलेल्या फाइलमधील) ‘मेटा-इन्फ/सर्व्हिसेस’ फोल्डरमध्ये त्याची पॅकेजसह नोंद आहे का, ते पाहावे. २०२४ मध्ये आलेल्या जेडीके (जावा डेव्हलपमेंट किट) २३ पासून, नुसत्या क्लासपाथवर (कंपायलर क्लास जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत) ठेवलेला प्रोसेसर आपोआप चालत नाही; ‘प्रोसेसर-पाथ’ किंवा ‘प्रॉक:फुल’ असा स्पष्ट पर्याय द्यावा लागतो. जेडीके बदलताच कोड तयार होणे थांबले असेल, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

प्रोसेसर चालतो, पण एखाद्या फील्डचा टाइप ‘एरर’ म्हणून मिळतो, ही तक्रार अधिक चिवट असते. समजा, ‘ऑर्डर’ क्लासमधील एका फील्डचा टाइप ‘ऑर्डरमॅपर’ आहे आणि तो क्लास दुसरा प्रोसेसर तयार करणार आहे. पहिल्या राउंडमध्ये तो अस्तित्वातच नसल्याने कंपायलरला त्याची ओळख पटत नाही. अशा वेळी त्रुटी नोंदवून मोकळे होऊ नये. ‘ऑर्डर’चे पूर्ण नाव स्ट्रिंग म्हणून राखून ठेवावे आणि पुढच्या राउंडमध्ये ‘गेटटाइपएलिमेंट’ने तो नव्याने मिळवावा; जुना एलिमेंट ऑब्जेक्ट (कंपायलरने दिलेले क्लासचे रूप) सांभाळून ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यात आधीच्या राउंडची अपुरी माहिती राहू शकते. ‘प्रोसेसिंगओव्हर’ खरे झाल्यावरही टाइप सापडला नाही, तरच ‘मेसेजर’ या संदेश दाखवणाऱ्या सोयीमार्फत, संबंधित एलिमेंट सोबत देऊन, त्रुटी दाखवावी, म्हणजे वापरणाऱ्याला नेमकी ओळ कळते. ‘फायलरएक्सेप्शन’ आले, तर बहुधा तीच फाइल दुसऱ्यांदा तयार केली जात असते.

ॲनोटेशनमध्ये क्लास हे मूल्य असेल आणि ते थेट वाचले, तर ‘मिररडटाइपएक्सेप्शन’ येते, कारण तो क्लास अजून कंपाइल झालेला नसू शकतो. त्याऐवजी ‘ॲनोटेशनमिरर’मधून (कंपायलरकडील ॲनोटेशनच्या रूपातून) मूल्य वाचणे मला अधिक सुरक्षित वाटते.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर डीबगर वापरावा; मात्र प्रोसेसर कंपायलरच्या प्रोसेसमध्ये चालत असल्याने ॲप्लिकेशन डीबग मोडमध्ये सुरू करून ब्रेकपॉइंट लागत नाही. ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाला ‘ऑर्ग.ग्रेडल.डीबग’ खरे करून द्यावे आणि आयडीईमधून (कोड लिहिण्याच्या साधनातून) ५००५ या पोर्टला रिमोट डीबगर जोडावा.