प्राचीन ग्रीकमधील आत्मवाचक सर्वनाम कसे ओळखावे

अ‍ॅटिक ग्रीकच्या, म्हणजे अथेन्सच्या परिसरातील प्राचीन ग्रीक बोलीच्या वाक्यात आत्मवाचक सर्वनाम दिसले की प्रथम कर्ता शोधावा, कारण हे सर्वनाम सहसा त्याच्याकडेच वळते आणि म्हणूनच त्याला प्रथमा विभक्तीचे रूप नसते. द्वितीयेच्या एकवचनात ‘एमाउतोन’ (मला स्वतःला), ‘सेआउतोन’ (तुला स्वतःला) आणि ‘हेआउतोन’ (त्याला स्वतःला) अशी जोडरूपे होतात; डेल्फीच्या मंदिरावरील ‘ग्नोथि सेआउतोन’, म्हणजे ‘स्वतःला ओळख’, हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. खरी कसोटी तृतीय पुरुषात लागते: ‘हेआउतोन’चे संक्षिप्त रूप ‘हाउतोन’ आणि ‘त्याला’ या अर्थाचे ‘आउतोन’ यांच्या लेखनात केवळ आरंभीच्या श्वासचिन्हाचा, म्हणजे आरंभी ‘ह’ उच्चारायचा की नाही हे दाखवणाऱ्या खुणेचा फरक असतो, तेव्हा ते चिन्ह डोळ्यांत तेल घालून पाहावे. गौण वाक्यातील सर्वनाम मात्र कधीकधी मुख्य वाक्याच्या कर्त्याकडे निर्देश करते.