गाडीची वाट बघणारा कुत्रा

श्वान पथकात नव्याने आलेली पोरं विचारतात, ट्रेनिंग किती अवघड असतं? बॉम्बशोधक कुत्र्याचं साधारण सहा महिन्यांचं. आमचं पुण्याला, शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात झालं. ते जमतं. कुत्रा शिकतो, त्याच्यामागून आपणही शिकतो. जड जातं ते आठ-नऊ वर्षांनी, कुत्रा निवृत्त होतो तेव्हा. त्याचं ट्रेनिंग कुणी देत नाही, म्हणून हे लिहितोय.

माझा रॉकी, लॅब्रेडॉर. आठ वर्षं आम्ही दोघांनी गाडीच्या मागच्या भागातच संसार केला म्हणा ना. आज सभा, उद्या हेलिपॅड, परवा विसर्जनाचा बंदोबस्त. आषाढीला पालखीच्या वाटेवर नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. लोक दर्शनाच्या रांगेत आणि आम्ही मंडपाखाली वाकून खोकी हुंगत. उन्हाचं एवढं लक्षात ठेवा: डांबरावर स्वतःचा पालथा हात टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. आणि धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगत नाही. तोंडाने श्वास सुरू झाला की नाक मागे पडतं. साहेब घाई करतील, करू द्यात. आधी सावली, पाणी, मग तपासणी.

माझी चूक वाखरीलाच झाली. परतताना रॉकी गाडीत उडी मारेना. पुढचे दोन पाय फूटबोर्डवर ठेवले आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी मागून हात लावून चढवला, म्हटलं दमलाय बिचारा. मग रोजच चढवायला लागलो. चार महिने! शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला, मागच्या पायाचा खुब्याचा सांधा घासला होता. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये हे दुखणं नवं नाही, मला माहीत असायला हवं होतं. पण कुत्रा कण्हत नाही, कामावर तर नाहीच. वास सापडला की तो तसाच मुकाट खाली बसायचा. भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, हे आपणच शिकवलेलं असतं. दुखण्याच्या बाबतीतही तो तेच पाळतो, असं मला आता वाटतं.

तेव्हा सहाव्या-सातव्या वर्षापासून एक वही ठेवा. उडी कशी मारली, तपासणीनंतर धाप किती वेळाने बसली, हाक पहिल्यांदा मारल्यावर वळला की दुसऱ्यांदा. चार ओळी पुरतात. पुढे डॉक्टरांसमोर आणि साहेबांसमोर तीच वही बोलते.

दुसरं, तो राहणार कुठे हे आधी ठरवा. कुत्रा कागदावर सरकारचा असतो. घरी न्यायचा असेल तर अर्ज वेळेत टाका, आणि त्याच्याही आधी घरच्यांना विचारा. (मी उलटं केलं. ते ऐकून घ्यावं लागलं.) नवीन पोरं झंजीरचं नाव घेतात. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत काम केलेला, २००० साली गेला तेव्हा मानवंदना मिळालेला कुत्रा. मान मोठाच. पण मी त्यांना विरारच्या चौघांबद्दल सांगतो. मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर. २६/११च्या वेळी ड्युटीवर होते, निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर एकत्र राहिले. चौघेही २०१६ सालीच गेले, सीझर सगळ्यात शेवटी. म्हातारपणी ओळखीचा वास शेजारी असणं, याहून मोठी पेन्शन कुत्र्याला काय द्यायची?

निरोप समारंभाचं फार मनावर घेऊ नका. तो आपल्यासाठी असतो. आमच्याकडे गाडी फुलांनी सजवली होती, भाषणं झाली, रॉकीने गळ्यातल्या हाराचे दोन झेंडू खाल्ले. खरी गंमत दुसऱ्या दिवशी पहाटे. पाच वाजता रॉकीसाहेब फाटकाशी उभे, गाडीची वाट बघत. पुढचे दीड महिने हेच. म्हणून सांगतो, गाडी एकदम तोडू नका. निवृत्तीच्या वर्षभर आधीपासून आठवड्यातला एखादा दिवस त्याला घरच्या वासात, घरच्या आवाजात राहू द्या. कुकरच्या शिट्टीलासुद्धा सवय लागते. आणि नाकाला काम ठेवा. रोज दहा मिनिटं चेंडू लपवायचा, कधी कपाटामागे, कधी चपलांच्या ढिगात. शोधला की शाबासकी. नाकाला काम नसलं की तो खात नाही, नुसता पडून राहतो.

नवा कुत्रा मिळाला की त्याला जुन्याच्या नावाने हाक मारली जाते. मीही मारली. तो वळला नाही, बरोबरच केलं त्याने.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी अंघोळ करून बाहेर आलो, तर रॉकी पलंगाशी बसलेला. ताठ, नजर पलंगाखाली, शेपूट स्थिर. खाली पोरीने फुलबाज्यांचा खोका सरकवून ठेवला होता. दारूचा वास! मी टॉवेलवर, बक्षिसाचा चेंडू युनिफॉर्मच्या खिशात, आणि युनिफॉर्म ट्रंकेत. तो हलेना. चेंडू मिळाल्याशिवाय ड्युटी संपत नाही ना. शेवटी पोरीने शाळेच्या मोज्यांची गुंडाळी केली आणि ओरडली, ‘‘रॉकी, घे!’’