नवी क्लच प्लेट टाकलीत? मग आंबा घाट लगेच नको

माझ्या बोलेरो पिकअपला आतापर्यंत तीन क्लच प्लेटा लागल्या. पहिली गाडीबरोबर आलेली, ती लाखाच्या वर चालली. तिसरी सध्या आहे, तिचं बरं चाललंय. मधली मी पंधरा दिवसांत जाळली, आणि हे सगळं तिच्यामुळेच लिहितोय.

झालं असं, एप्रिलच्या ऐन हंगामात क्लच स्लिप व्हायला लागला. संध्याकाळी नवी प्लेट बसवून गाडी हातात आली आणि दुसऱ्याच पहाटे मी आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो. साखरप्यापर्यंत काही तक्रार नाही. आंबा घाटात एका वळणावर ट्रक अडकलेला, मागे ही रांग. दोन फूट पुढे, थांब, परत दोन फूट. दर वेळी हँडब्रेक ओढायचा कंटाळा, म्हणून मी भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवरच, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट दाबून, तोलून धरली. वर पोचेपर्यंत केबिनमध्ये असा जळका वास, की मागच्या हापूसचा वास येईना. त्यानंतर दोन आठवडे कशीबशी रेटली. शेवटी मेकॅनिक काकांनी गिअरबॉक्स उतरवून प्लेट माझ्या हातात दिली. तोंड आरशासारखं चकचकीत, आणि प्लेट ज्याला टेकते त्या इंजिनाच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, निळे डाग. "झिजली नाही रे, भाजलीस तू," एवढंच म्हणाले.

नवी प्लेट आणि फ्लायव्हील दिसायला सपाट असतात, पण सुरुवातीला एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. जिथे टेकतात तेवढ्याच जागेवर सगळा जोर येतो आणि तिथेच ती तापतात. प्लेटच्या अस्तरात रेझिन असतं. ते एकदम फार तापलं की वर येऊन काचेसारखा थर धरतं आणि पकड जाते. थोडं घासलं, थंड झालं, परत थोडं घासलं, असं शेकडो वेळा झालं की दोन्ही तोंडं एकमेकांना धरून बसतात. हे घासणं होतं ते फक्त क्लचचं पेडल सोडतानाच्या एक-दोन सेकंदांत. पेडल पूर्ण वर आलं की संपलं. त्यामुळे मुंबईची एक फेरी मारून "तीनशे किलोमीटर झाले की" म्हणणाऱ्याची प्लेट बसलेली नसते. हायवेला टॉप गिअर पडला की क्लचला पाय लागतो कुठे?

प्लेट बसायला मी आठशे किलोमीटर धरतो, आणि तेही गावातले. तिसरी प्लेट मुद्दाम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात टाकली. तेव्हा आंबा नसतो, त्यामुळे जड भाड्याचा मोह कमी. महिनाभर एका किराणा व्यापाऱ्याचा हलका माल पोचवला. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ, रामआळी, दर शंभर-दोनशे मीटरला थांबा. भाडं फुटकळ मिळालं, पण प्लेटला हवं तेच मिळालं.

गाडी उघडी आहे तोवर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. फ्लायव्हीलवर चरे किंवा निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या. क्लच बेअरिंग जुनं ठेवू नका, चार पैशांसाठी परत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेव्हाच बदला, कारण प्लेटवर तेल आलं की पुढची सगळी काळजी वाया. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या नव्या प्रेशर प्लेटला गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा. आणि ग्रीसच्या हाताने प्लेटच्या अस्तराला शिवायचं नाही. प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ज्या दात्यांनी बसते, त्यांना ग्रीस लावायचं तेही नावापुरतं.

आता चालवणं. रिकामी पिकअप दुसऱ्या गिअरला उचलायची आपल्या सगळ्यांना सवय असते. हे आठशे किलोमीटर ती सोडा, दर वेळी पहिला गिअर. डिझेल इंजिनाला खालीच एवढा जोर असतो, की सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला पाय न लावता नुसतं पेडल सावकाश सोडलं तरी गाडी हलते. हललीच की पेडल पूर्ण सोडून द्या. रेंगाळायचं नाही, झटकाही द्यायचा नाही. सिग्नलला न्यूट्रल. चढावर गाडी धरायची ती हँडब्रेकने. आणि डावा पाय पेडलवर टेकवून चालवणाऱ्यांनी तो आधी खाली ठेवावा. नुसत्या पायाच्या वजनानेही बेअरिंगवर दाब राहतो.

उतारावर वेग कमी करायला खालचा गिअर टाकलात तर आधी इंजिनाला जरा रेस द्या, मग पेडल सोडा. नाहीतर गाडीचा सगळा धक्का प्लेट खाते.

रिव्हर्सला मी सगळ्यात जास्त घाबरतो. चिरेखाणीत भरलेली गाडी उलटी चढावर काढायची म्हणजे हाफ क्लचशिवाय गत्यंतर नाही. म्हणून चिऱ्याचं भाडं या काळात घेतच नाही. पहिले चारशे किलोमीटर पाव टनाच्या आत, मग आठशेपर्यंत पाऊण टन. निवळीचा घाटसुद्धा त्यानंतर.

पहिले एक-दोन दिवस हलका वास येतो, घाबरू नका. डोक्यात जाईल असा वास आला तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या. उचलताना जरा थरथर जाणवली तर तीही बहुतेक शंभर-दोनशे किलोमीटरात जाते. उलट वाढत गेली, तर प्लेटवर तेल उतरलंय किंवा फ्लायव्हील सरळ नाही, मेकॅनिक गाठा.

आठशे झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला, साधारण चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघायचं. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथल्या तिथेच, तर प्लेट घसरतेय. माझी ओढत गेली. मग पाऊण टन घेऊन पहिल्यांदा आंबा घाट चढलो, वर थांबून बोनेटपाशी नाक नेलं. नुसता डिझेलचा वास.

एक राहिलं. या महिन्यात गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मेहुण्याने मांडवाचं सामान न्यायला मागितली होती. मी स्वतः ड्रायव्हर म्हणून गेलो, तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीत अर्धंच सामान. अजून बोलत नाही धड.