बचत गटाला सरकारी काम किंवा अनुदान हवंय? मग तयारी जाहिरात निघायच्या आधीच सुरू करा

बहुतेक गट जागे होतात ते पेपरात जाहिरात आल्यावर किंवा पोर्टलवर टेंडर दिसल्यावर, आणि तिथेच सगळं चुकतं, कारण पैसा कुठल्या गावात, कुठल्या कामावर आणि कुठल्या अटींवर जाणार हे तोपर्यंत जवळपास ठरलेलं असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, म्हणजे आपला जीपीडीपी, हातात घेऊन बसणं. दरवर्षी २ ऑक्टोबरच्या आसपास त्यासाठी ग्रामसभा सुरू होतात, त्यात तुमचं काम आराखड्यात आलं नाही तर नंतर कितीही अर्ज करा, हेडच नाही, म्हणजे त्या कामासाठी पैशाचा रकानाच नाही, असं उत्तर येणार. मागच्या वर्षीचा आराखडा ईग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर बघायला मिळतो, तो आधी वाचून जा. पंधराव्या वित्त आयोगात (केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी) २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांत ६० टक्के पैसा बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठी. म्हणजे घनकचरा उचलायचं काम मागणारा गट आणि शिवणकाम केंद्र मागणारा गट एकाच पाकिटातून मागत नाहीत, हे माहीत असलं की बोलताना आपलं म्हणणं वजनदार होतं. आदिवासी भागातल्या पेसा गावांना (जिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत) तर आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याचं काय करायचं हे ग्रामसभा ठरवते, तिथे गटातल्या बायका सभेला हजर असणं हीच अर्धी लढाई आहे. मागणी तोंडी करू नका, लेखी द्या, पोच घ्या, आणि ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्या.

मग ठरवा की तुम्हाला अनुदान हवंय की काम. दोन्ही सरकारचाच पैसा असला तरी व्यवहार एकदम वेगळा. अनुदान आधी हातात येतं (निदान पहिला हप्ता तरी), पण ते ज्या कारणासाठी मंजूर झालं त्याच्या बाहेर एक रुपया वळवता येत नाही आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. कंत्राटात उलटं, आधी माल द्या किंवा काम करा, मग बिल, पण जे उरेल ते तुमचं. ज्या गटाकडे खेळतं भांडवल नाही त्यांनी पहिल्याच वर्षी मोठ्या पुरवठ्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी छोटं काम घ्या, ते नीट संपवा.

कागदपत्रांचं सांगते. गटाच्या नावाचं पॅन, गटाचं बँक खातं, नोंदणी किंवा उमेदकडचा (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) गटाचा कोड, गेल्या तीन वर्षांचे हिशेब, आणि सह्या कोण करणार याचा ठराव. यात नाव सगळीकडे सारखं पाहिजे. पॅनवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, उद्यमवर (छोट्या उद्योगांची केंद्राची नोंदणी) तिसरं असं असलं की पोर्टल अडकतं आणि दुरुस्तीत टेंडरची तारीख निघून जाते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, पूर्ण ऑनलाइन आहे आणि पूर्ण फुकट आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. केंद्राचं स्वयंसेवी संस्थांसाठीचं अनुदान असेल तर दर्पण पोर्टलचा (अशा संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) आयडी मागतात, तुमची संस्था असेल तर तो आधीच काढून ठेवा.

आणि डिजिटल सही. ई-टेंडरला क्लास ३ ची सही लागते, आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचंय की ती सही, तिचा पासवर्ड, पोर्टलला जोडलेला ईमेल आणि मोबाईल नंबर हे चारही गटाच्याच ताब्यात पाहिजेत. कितीतरी ठिकाणी सायबरवाला किंवा एखादा ओळखीचा कंत्राटदार "ताई मी बघतो सगळं" म्हणून स्वतःचा नंबर टाकतो, मग ओटीपी त्याच्याकडे, बोली त्याच्या दराने, काम गटाच्या नावावर आणि पैसा भलतीकडे, आणि चौकशी आली की सह्या मात्र अध्यक्ष आणि सचिवांच्या. गटातल्या दोन मुली तरी पोर्टल चालवायला शिकल्याच पाहिजेत. एक नको, दोन, कारण एकीचं लग्न होऊन ती गेली की सगळं थांबतं.

आता टेंडर वाचायची वेळ. आधी दर बघू नका, पात्रतेचं पान बघा. किती उलाढाल मागितलीये, किती वर्षांचा अनुभव, अनामत किती. स्थानिक माणसाला बाहेर ठेवायचं असेल तर ते याच पानावर होतं. अंगणवाडीच्या आहाराचंच घ्या, ऑक्टोबर २००४ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की यात कंत्राटदार नकोत, गावातले महिला गट आणि महिला मंडळं यांना काम द्या, आणि तरी महाराष्ट्रात टेंडरच्या अटी अशा झाल्या की लहान गट बसूच शकत नव्हते, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते टेंडर रद्द करून नव्याने काढायला लावलं. तेव्हा अट जाचक वाटली तर गप्प बसू नका, प्री-बिड मिटिंगच्या, म्हणजे बोली भरायच्या आधी विभाग शंका ऐकायला घेतो त्या बैठकीच्या, आधी लेखी प्रश्न पाठवा. त्याचं उत्तर विभागाला द्यावं लागतं, आणि कधी कधी शुद्धिपत्रक निघून अट सैल होते. शुद्धिपत्रक आलंय का हे शेवटच्या दिवसापर्यंत रोज बघायचं.

सवलती कुठे लागू होतात हे पण नीट समजून घ्या. केंद्राचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण आहे, त्यात केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यातला ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. टेंडर फॉर्म फुकट, अनामत माफ, आणि तुमचा दर सगळ्यात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असला तरी त्या कमी दराला यायची तयारी असेल तर ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. पण हे स्वतः माल बनवणाऱ्यांना किंवा सेवा देणाऱ्यांना, नुसता विकत घेऊन विकणाऱ्यांना नाही, आणि बांधकामाच्या कामांना पण नाही. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्राच्या पोर्टलवर, महिला आणि गटांसाठी वुमनिया म्हणून वेगळी सोय आहे, तिथे तुमचा माल चढवून ठेवा, फोटो नीट काढा. राज्याच्या कार्यालयांना मात्र राज्याचे खरेदी नियम लागतात, त्यामुळे जिल्हा परिषदेत जाऊन केंद्राचा कागद दाखवला तर उपयोग होईलच असं नाही, आधी विचारून घ्या. बांधकामाच्या छोट्या कामांना आपल्याकडे वाटपाची वेगळी पद्धत आहे, सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात ती ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात, ते काम वाटप समितीत ठरतं. गावात मजूर संस्था असेल तर ती खरंच गावातल्या मजुरांची आहे का हे सभासद यादीवरून बघा.

दर टाकताना घाई नको. समजा अंदाजपत्रकात १ लाख रुपये दिसतात, ते सगळे तुमच्या खात्यात येत नाहीत. आयकराचा टीडीएस, मोठ्या करारावर जीएसटीचा २ टक्के टीडीएस, बांधकाम असेल तर १ टक्का कामगार उपकर, मुरूम-वाळूची रॉयल्टी, सुरक्षा अनामत म्हणून अडकून राहणारे पैसे, शिवाय वाहतूक, हमाली, पॅकिंग. हे सगळं कागदावर मांडा आणि मगच दर भरा. काम मिळावं म्हणून फार बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने, जाणारे गट मी बघते तेव्हा जीव तुटतो, कारण जास्त बिलो गेलं की जादा अनामत पण भरावी लागते आणि नंतर मालाची प्रत घसरते किंवा बायकांची मजुरी कापली जाते. बिल निघायला वेळ लागणार हे धरूनच चाला आणि निदान दोन-तीन महिने मजुरी देता येईल इतकी सोय बँकेकडून नाहीतर ग्रामसंघाकडून (गावातल्या गटांचा संघ) आधी करून ठेवा. एकट्या गटाला झेपत नसेल तर प्रभाग संघाच्या (अनेक ग्रामसंघांचा मिळून संघ) नावाने एकत्र भरा, पण मग कुठला गट किती माल देणार आणि पैसे कसे वाटणार याचा लेखी करार आधी करा. नंतर भांडणं होतात ती इथेच.

वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. साहेबांनी फोनवर सांगितलं तरी नाही. सुरू झालं की रोजची हजेरी, प्रत्येक फेरीचं चलन, त्यावर घेणाऱ्याची सही आणि तारीख, आणि तारखेसकट फोटो. बांधकामात मोजमाप पुस्तिकेत (एमबीत) नोंद होताना गटातलं कोणीतरी तिथे उभं पाहिजे, कारण जे एमबीत नाही त्याचं बिल नाही. माल किंवा सेवा दिली आणि पैसे अडकले तर एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी माल द्यायच्या आधीची पाहिजे, म्हणूनच ती पहिल्यांदा करायला सांगितली. कुणाला किती अनुदान दिलं, ही माहिती स्वतःहून जाहीर करणं माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच आहे, ती मागायला लाजायचं काही कारण नाही.

अनुदान असेल तर प्रत्येक खर्चाचं बिल गटाच्या नावाचं, पैसे शक्यतो चेकने किंवा खात्यावर, आणि उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीच्या आत, कारण जुनं बाकी असलं की पुढचा हप्ता अडकतो. काम असेल तर शेवटचं बिल देताना त्याच दिवशी काम पूर्ण झाल्याचा दाखला लेखी मागा, त्यावर कामाचं नाव, रक्कम आणि तारीख पाहिजे. पुढच्या टेंडरला अनुभवाच्या रकान्यात तोच लावायचाय, आणि साहेबांची बदली झाल्यावर तो मिळवणं फार अवघड जातं.